ओच्यातला भाऊ

रत्नागिरीत सगळे जण नारळी पौर्णिमेची वाट बघतात. मी मात्र लहानपणी एक वर्ष ती येऊच नये म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. दर्याला नारळ दिला की समुद्र खुला होतो, होड्या बाहेर पडतात आणि मुंबईच्या आगबोटी पुन्हा मांडवी बंदराला लागतात. त्या वर्षीच्या पहिल्या आगबोटीनं माझ्या आईला मुंबईवरून घाटावरच्या मोठ्या तुरुंगात हलवणार होते. तिच्याजवळ आत माझा धाकटा भाऊ होता, त्याला त्या आधी कोणाच्या तरी हवाली करायचं होतं. कोणाच्या, तेच ठरत नव्हतं. पाऊस होता तोवर आई रत्नागिरीत होती आणि भाऊ आईजवळ होता, म्हणून लोक उघडीप मागत तेव्हा मला त्यांचा राग यायचा.

आई आत का होती ते आधी सांगून टाकते. आमचं घर पावस गावाच्या अलीकडे, नारळीच्या वाडीत. वडील आगबोटीवर खलाशी होते. तापानं बोटीवरच गेले आणि तिथंच त्यांना दर्यात सोडलं, आमच्यापर्यंत फक्त निरोप आला. भाऊ तेव्हा आईच्या पोटात होता. तो जन्मला तसा शेजारच्या चुलत्यानं मधला गडगा सरकवायला सुरुवात केली. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची रचलेली हद्द. आज एक दगड, चार दिवसांनी दुसरा, असा तो आमच्या बाजूला चालत यायचा. एका सकाळी आई झावळ्या तोडत होती आणि चुलत्याचा हात दगडावर होता. आईनं सांगितलं, दगड ठेव. तो हसला. आईनं कोयती चालवली आणि त्याची दोन बोटं गडग्यावर राहिली. हे खरं आहे. तिच्यावर कुभांड रचलं, ती गरीब गाय होती, असलं काही मी सांगणार नाही. ती तापट होती, आणि तो तापटपणा माझ्यातही उतरला आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच.

भाऊ अंगावर पीत होता म्हणून कायद्यानं त्याला आईबरोबर आत जाता आलं. मी पीत नव्हते, मी कोर्टाच्या आवारात वडाखाली उभी राहिले. तिथून मला मावशीनं नेलं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिचा नवरा, आमचे काका, कचेरीत कारकून होते. पान खायचे, कमी बोलायचे आणि कशालाही ‘बघू’ म्हणायचे. मावशीला मुलं झाली होती पण एकही जगलं नव्हतं. तिचं घर इतकं नीटनेटकं होतं की मला आधी बसायलाच भीती वाटायची. ती पोटभर वाढायची, केसांना तेल लावायची, पण हाक मारताना माझं नाव न घेता ‘अगं ए’ म्हणायची.

तुरुंगवालीची पोर हे मला गल्लीतल्या मुलींनी आठवडाभरात चिकटवलेलं नाव. विहिरीवर मी गेले की त्यांच्या आया कळशा जवळ ओढून घ्यायच्या. मी कळशी चोरून नेणार होते की बोटं तोडणार होते, देव जाणे. शाळेत मास्तरीणबाई चांगल्या होत्या, पण इतक्या चांगल्या की सगळ्यांदेखत मला जवळ घेऊन ‘बिचारी’ म्हणायच्या, आणि मग मधल्या सुट्टीत माझी धडगत नसायची. मी एकीचा कान चावला. त्यानंतर त्यांनी मला खेळायला घेतलंच नाही, पण नाव मात्र जरा हळू आवाजात घ्यायला लागल्या.

भेटीच्या दिवशी मावशी मला तुरुंगात न्यायची. गजांपलीकडे आई जाड्याभरड्या पांढऱ्या लुगड्यात यायची, तिच्या कडेवर भाऊ. शिपाई मध्ये उभा. आईला माझ्याशी बोलायला सुचायचं नाही, ती एवढंच विचारायची की जेवतेस ना. मी हो म्हणायचे. मग मी भावाकडे बघत राहायचे. तो तिथंच बसायला शिकला, तिथंच रांगला, तिथंच चालायला लागला. बायकांच्या त्या लहानशा आवारात भिंत आणि भिंतीवरचं आभाळ एवढंच त्यानं पाहिलेलं. गाय म्हणजे काय, कुत्रा म्हणजे काय, त्याला ठाऊक नव्हतं. टोला पडला की तो शहाण्यासारखा जमिनीवर उकिडवा बसायचा, कारण टोल्याला सगळ्या बायका मोजणीसाठी रांगेत बसत. बाकीच्या बायका त्याचं कौतुक करायच्या म्हणे.

त्याच वर्षी मीठ उचलून तुरुंगात गेलेली माणसं सुटायला लागली. एकदा आम्ही भेटीला गेलो तर तुरुंगाच्या दाराशी ही गर्दी. हार, घोषणा, खादीची लुगडी नेसलेल्या बायका. त्यातल्या एकीनं मला मावशीच्या हाताला धरून उभी बघितलं आणि विचारलं, तुझं कोण गं आत? मी म्हटलं, आई. त्या बाईंचे डोळेच भरले. त्यांनी मला पोटाशी धरलं, हातातला हार माझ्या गळ्यात घातला आणि आजूबाजूच्यांना सांगितलं, बघा, हिची आई आत आहे. चार माणसांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तर वाटलं, आता कायमचं असंच राहावं. मग बाईंनी विचारलं, काय केलं गं आईनं? मी सांगितलं, चुलत्याची बोटं तोडली. त्यांनी हात काढून घेतला. हार परत मागितला नाही, हे त्यांचं चांगलंच, पण तो गळ्यात घेऊन पुढं उभं राहायची मला लाज वाटली, आणि मावशीनं तो काढून तुरुंगाच्या कुंपणावर ठेवला. आई आत गेली की मागं राहिलेली पोरं मात्र दोन्हीकडची सारखीच, हे मला तेव्हाही कळत होतं.

आईला हलवणार ही बातमी काकांनी कचेरीतून आणली. मोठ्या शिक्षेच्या बायका इथं ठेवत नाहीत, आजवर ठेवली हेच पुष्कळ. पोराला दात आलेत, दूध तुटलंय, तेव्हा त्याला बरोबर नेता येणार नाही. कोणी नातलगानं घ्यावं. आणि काका खाली बघत म्हणाले, की चुलत्यानं अर्ज करूनही टाकलाय. पोरगा आमच्या घराण्यातला आहे, मी त्याला पोटच्यासारखा वाढवीन, असं त्यानं लिहून दिलंय. भाऊ ज्याच्या घरात त्याच्या हातात आमची वाडी, हे कळायला मला कचेरीत कामाला असायची गरज नव्हती. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. घास तोंडात घेतला की मला चुलत्याचा तो तीन बोटांचा हात दिसायचा, आणि त्या हातानं तो माझ्या भावाला भरवतो आहे असं वाटायचं.

मावशीनं त्याला घ्यावं, इतकं सोपं होतं. मला वाटलेलं ती घेईलच. पण पुढच्या भेटीला गजांशी उभी राहून तिनं आईला सरळ सांगितलं, की ती त्याला नुसता सांभाळायला घेणार नाही. घ्यायचा तर ओटीत घालून घेणार.

ओटीत घालणं म्हणजे काय हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. घेणारी पदर पसरते, त्यात नारळ आणि मूठभर तांदूळ, आणि देणारी आपल्या हातानं मूल त्या पदरात ठेवते. चार माणसं बघतात. तिथून पुढं मूल घेणारीचं. जन्म देणारीनं त्याला माझं म्हणायचं नाही, आणि त्यानं तिला आई म्हणायचं नाही. हे कोणी कागदावर लिहीत नाही, पण कागद फिरवलेले मी पुष्कळ पाहिले, ओटीत दिलेलं मूल परत घेतलेलं पाहिलेलं नाही.

‘सांभाळून परत द्यायला मी काय गुराखी आहे?’ मावशी आईला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. ‘मी लळा लावायचा आणि तू एक दिवस येऊन घेऊन जायचं. माझी चार गेली, पाचवं मी जिवंतपणी जाऊ देणार नाही. द्यायचा तर ओटीत घाल. नाहीतर नको.’

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, विचार करते. शिपायानं वेळ झाल्याचं सांगितलं.

वाटेत मी मावशीपासून चार हात लांब चालले. माझा राग अनावर झाला होता, आणि तरी ती खोटं बोलत नव्हती हेही मला समजत होतं. त्यामुळे रागही धड करता येईना. ओटीत घातला तर तो सुखात वाढेल, तूपभात खाईल, शाळेत जाईल. पण मग तो माझा मावसभाऊ होईल. आई सुटून आली की आम्ही दोघीच वाडीवर जाऊ आणि सणासुदीला पाहुण्यासारखं त्याला बघायला येऊ. नाही घातला तर चुलता. मी काकांना एकदा धीर करून विचारलं, तुम्ही मावशीला सांगाल का. त्यांनी पान जुळवलं, चुना लावला, बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, बघू.

पावसाळाभर मी समुद्राकडे लक्ष ठेवून होते. मांडवीला जाऊन लाटा किती उंच आहेत बघायचे. उंच असल्या की घरी येऊन दोन घास जास्त जेवायचे. बंदरावरचे खलाशी कंटाळून जाळी विणत बसलेले असत, त्यांच्या बायका उसनंपासनं करून मेटाकुटीला आलेल्या, आणि मी दर्याला सांगायचे की अजून थोडं खवळ. त्या बायकांना कळतं तर त्यांनी मला धरून बडवलं असतं आणि ते रास्तच झालं असतं.

पण श्रावण काही कोणासाठी थांबत नाही. पौर्णिमेला सगळं गाव वाजतगाजत बंदरावर लोटलं. मावशीनं माझ्या हातात हळदकुंकू लावलेला नारळ दिला आणि म्हणाली, टाक. मी पाण्याशी गेले, वाकले, आणि नारळ परकराच्या घोळात लपवून तशीच माघारी आले. माझं गणित सरळ होतं. आमच्या घरचा नारळ दर्याला पोचलाच नाही तर दर्या पुरता शांत होणार नाही. घरी मावशीला तो माझ्या वळकटीत सापडला. दर्याला काढलेला नारळ घरात म्हटल्यावर ती पांढरीफटक पडली. मला वाटलं आता मार बसणार. तिनं विचारलं, का केलंस. मी सांगितलं. तो नारळ पदराखाली धरून भर उन्हात ती एकटी बंदरावर गेली आणि टाकून आली. येताना तिचे डोळे सुजलेले होते. मी त्यावरून काय ते समजायला हवं होतं, पण मी एवढंच समजले की आता समुद्र उघडणार.

आगबोट यायच्या आदल्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं. मावशीनं नवं लुगडं नेसलं. परडीत नारळ, तांदूळ, एक झबलं, एक जरीची टोपी. काका कोट घालून बरोबर. आईनं काय ठरवलंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मावशीच्या चालण्यावरून वाटत होतं की तिनं मनात ते पोर कधीच घरी नेलंय. मी मुद्दाम मागं रेंगाळत होते.

त्या दिवशी गज नव्हते. आईला आतल्या चौकात आणलं, तिच्यामागे तुरुंगातली एक म्हातारी कैदीण आणि शिपाई. जेलरसाहेब टेबलाशी बसले होते. भावानं इतकी नवी माणसं पाहून आईच्या मानेत तोंड खुपसलं. मावशी पुढं झाली. तिनं परडी खाली ठेवली, नारळ आणि तांदूळ पदरात घेतले आणि दोन्ही हातांनी पदर पसरून बहिणीपुढं उभी राहिली. ती माझ्या आईहून बरीच मोठी, आजवर आईला तिनं फक्त हुकूम सोडलेले, आणि आता ती अशी उभी.

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग ती तिला वळसा घालून माझ्याकडे आली.

‘ओचा धर,’ ती मला म्हणाली.

मला कळेना. मी परकराचा घेर दोन्ही हातांनी वर उचलला, फुलं गोळा करताना उचलतात तसा. आईनं भावाला मानेपासून सोडवला आणि त्यात बसवला. तो इतका जड लागला की मी वाकले, पण सोडला नाही.

‘हा तुज्या ओटीत घातला मी,’ आई म्हणाली. ‘आता हा तुजा. कोन मागायला आला तर द्यायचा नाय. कोनालाच नाय.’

म्हातारी कैदीण मोठ्यानं ‘अगं बाई’ म्हणाली. लग्न न झालेल्या मुलीची कोणी ओटी भरत नाही, आणि तिच्या ओटीत मूल घालणं म्हणजे तर काहीतरीच. असं कोणी केलेलं नव्हतं आणि कोणी करू नये असंच होतं. पण चार माणसांनी पाहिलं होतं. झालेलं आता झालेलं होतं, आणि आईच्या हातात ते मूल राहिलेलं नव्हतं. जेलरसाहेबांना ह्यातलं काही कळलं नसावं. त्यांनी विचारलं, पोराचा ताबा कोण घेतंय? मावशी पसरल्या पदरानं तशीच उभी होती. मला तर चुलता दारातून आत येतोय असंच दिसायला लागलं. मग काका खाकरले. पुढं झाले, टेबलावर वाकले आणि सही केली. ह्या वेळी ते बघू म्हणाले नाहीत.

घरापर्यंत मावशी आमच्यापुढं चालत होती. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. दारात शिरताना म्हणाली, तुझं पोर, तूच बघ. आणि तिनं ते शब्दशः पाळलं. मी त्याला न्हाऊ घालायचे, भरवायचे, त्याचं हगमूत काढायचे. माझी शाळा सुटली. तो गाईला बघून किंचाळायचा, समुद्राला बघून माझ्या अंगावर चढायचा. मोकळ्या अंगणात त्याला सोडलं तर भिंत शोधत जायचा आणि तिला पाठ लावून बसायचा. सगळ्यात वाईट म्हणजे दिवेलागणीला तो दाराशी जाऊन उभा राहायचा आणि रडायचा. आईला शोधतोय असं आम्हाला वाटलं. मी त्याला कडेवर घेऊन परसात फिरवायचे, त्यानं तो जास्तच रडायचा. हा आजारी पडेल, मरेल, आणि आई सुटून आली की तिला मी काय दाखवू, हेच दिवसभर डोक्यात.

ते मावशीनं ओळखलं. एका संध्याकाळी ती स्वयंपाक टाकून उठली, आम्हा दोघांना माजघरात बसवलं, बाहेर गेली आणि बाहेरून कडी घातली. कडीचा आवाज झाला तसा भाऊ गप्प झाला. गोधडीवर जाऊन आडवा झाला आणि लगेच झोपला. त्याला आई नको होती असं नाही, पण दार बाहेरून लागल्याखेरीज दिवस संपतो हेच त्याला माहीत नव्हतं. मावशी त्यानंतर रोज संध्याकाळी बाहेरून कडी घालायची आणि तो झोपेपर्यंत ओसरीवर उभी राहायची. आत यायला मागचं दार होतं, पण ती त्या दारानं यायची नाही. पोराला जाग आली आणि त्यानं आतून दार वाजवलं तर, असं म्हणायची. बहुतेक वर्षभर ती अशी उभी राहिली. त्याला हात मात्र लावला नाही.

मध्ये चुलता आला. अंगणात उभं राहून त्यानं हात वर करून बोटं दाखवली, मग घराणं काढलं, मग वडिलांची आठवण काढून रडलाही. मी भावाला घेऊन भाताच्या कणगीमागे लपले होते. मावशी त्याला म्हणाली, पोर ओटीत दिलेलं आहे, ते आता मागता येणार नाही. त्यानं विचारलं, कोणाच्या? ती म्हणाली, माझ्या भाचीच्या. तो हसायला लागला. मावशी हसली नाही. ती म्हणाली, मी स्वतः पदर पसरून उभी होते आणि मला मिळालं नाही, तुम्हाला कसं मिळेल? तो आल्या वाटेनं वळला. काकाही कचेरीच्या कोटात ओसरीवर येऊन उभे राहिले होते, त्याचाही उपयोग झाला असेल. तो पुन्हा आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई सुटली तेव्हा आंबे उतरत होते. ती मांडवीहून एकटीच चालत घरी आली. दारात आली आणि उभीच राहिली, मावशीनं ये म्हटल्यावर आत पाऊल टाकलं. पाणी प्यायचं तरी विचारायची. काका बाहेरून आले की ताडकन उठून भिंतीशी उभी राहायची, आणि काका बिचारे कानकोंडे व्हायचे. ती कोयती चालवणारी बाई कुठं गेली होती कोण जाणे. मला ती रागावलेलीच हवी होती. भाऊ तिच्याकडे बघून माझ्यामागे दडला. तिनं हात पुढं केले तसा त्यानं भोकाड पसरलं. मला धरणी ठाय देईना. मी त्याला ओढून तिच्याकडे ढकलायला लागले, तर तिनंच मला थांबवलं. म्हणाली, राहू दे. तुज्याकडेच राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पावसला निघालो. भाट्याच्या खाडीवरची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, भरतीला सुटायची, म्हणून घाई होती. आईनं बोचकं घेतलं, मी भावाला कडेवर घेतलं. त्याची कडी आता कोण घालणार, वाडीतल्या घराला बाहेरून कडी आहे की नाही, मी हेच आठवत होते. काका निरोप द्यायला ओसरीवर आले. मावशी दिसेना. मग ती आतून आली. तिच्या पदरात नारळ आणि तांदूळ होते.

मी भावाला घट्ट धरलं आणि दोन पावलं मागं सरले. मावशीच्या ते लक्षात आलं. ती आईपुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं पदर पसरला.

‘पोरगा नको मला,’ ती म्हणाली. ‘ही दे.’ आणि तिनं माझं नाव घेतलं.

आईनं बोचकं खाली ठेवलं. तिची नजर मावशीच्या पदरावर होती. मग ती म्हणाली, ‘ती काय माज्या हातात हाय? तिलाच इचार.’

मावशी माझ्याकडे वळली. इतके दिवस ह्या घरात, कचेरीत, तुरुंगात, अंगणात सगळे एकाच पोराबद्दल बोलत होते आणि मीही त्याच्याचबद्दल बोलत होते. मला कोणी मागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो पसरलेला पदर बघून मला रडू फुटलं. त्यात जाऊन पडावं, एवढंच वाटलं. शाळा, तूपभात, तेल लावून घातलेली वेणी ह्यांच्यासाठी नाही. कोणीतरी हात पुढं करून उभं आहे आणि मला फक्त जायचं आहे, ह्यासाठी. भावानं तेवढ्यात माझे केस मुठीत धरले.

‘मावशी, ह्याला कुठं ठेवू?’ मी विचारलं.

मावशीनं पदर आवरून खांद्यावर घेतला, नारळ माझ्या मोकळ्या हातात दिला आणि म्हणाली की चला, तर चुकेल.

होडीत आई माझ्याशेजारी बसली. अर्धी खाडी गेल्यावर तिनं पाण्याकडे बघत विचारलं, तुला राहायचं होतं का गं. मी हो म्हटलं. आईनं भावाला माझ्या मांडीवरून उचलून आपल्याकडे घेतलं. तो रडायला लागला, तरी तिनं दिला नाही, आणि पलीकडे उतरेपर्यंत माझी मांडी मोकळी होती.